निरोगी बहीण, शहापूर ते मुरबाड

माहेरी जाण्याचं प्रवासवर्णन कुणी लिहीत नाही. मीही लिहिलं नसतं. पण शाळेतल्या बायकांनी दोनदा विचारलं, "बाई, तुमच्या माहेरी ते रक्त घ्यायला लोक आले होते, ते काय प्रकरण होतं?" दोन्ही वेळा मी विषय बदलला, कारण त्यात माझी काही शोभा नाही. आता सगळं होऊन काही वर्षं गेली आहेत, तेव्हा लिहून टाकते.

मी बार्शीला प्राथमिक शाळेत शिकवते. माहेर शहापूर तालुक्यात, किन्हवलीला. वडील भातसा धरणावर नोकरीला होते, म्हणून आम्हा दोघी बहिणींचं बालपण भातसानगरच्या कॉलनीत गेलं. सुनंदा माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. एकोणिसाव्या वर्षी तिच्या दोन्ही गालांवर लाल चट्टे उठले, सांधे सुजले, ताप उतरेना. वर्षभर कुणाला निदान होईना. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी ल्युपस असं नाव सांगितलं. बाहेरच्या रोगांपासून शरीराची राखण करणारी जी शक्ती असते, ती उलटून आपल्याच अंगावर धावते, असा हा आजार. बरा होत नाही, औषधांनी आवरून धरावा लागतो.

तेव्हापासून आमच्या घरात जणू एकच मूल उरलं. वडील सुनंदाला पाठुंगळी घेऊन एस.टी.पर्यंत नेत. मी डी.एड.ला कॉलेजात दुसरी आले, त्या दिवशी घरातले सगळे तिच्याबरोबर दवाखान्यात होते. कॉलनीत पेढे मी एकटीनंच वाटले. माझं लग्न घाईनं उरकलं. एक घोर मिटला, आता सुनीकडे बघायला मोकळे झालो, असं आई शेजारणीला सांगत होती तेव्हा मी पडद्यामागे साडीला पिन लावत होते. मला कधी साधी सर्दी होत नसे. "शकूला काय धाड भरलेय," असं घरात म्हणत. म्हणणाऱ्याला ते कौतुक वाटत असेल.

आजारी बहिणीचा हेवा वाटतो, हे कुणाजवळ बोलायची सोय नाही. नवऱ्याजवळही मी कधी बोलले नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. सुनंदाचं पत्र आलं. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत या आजाराची आनुवंशिक कारणं शोधण्याचं काम चाललं होतं आणि त्यांना अशी घराणी हवी होती, ज्यांत एकाहून अधिक माणसांना असा आजार आहे. आमच्या आईकडच्या नात्यात तशी माणसं निघाली होती. डॉक्टर नीलिमा नावाच्या बाई स्वतः चार दिवस येणार होत्या. "तुजं रगात पण पायजे," सुनंदानं लिहिलं होतं, "तुला काय झालेलं नाय, म्हणून तुलना करायला." मी ते पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि रजा टाकली. जायची इच्छा नव्हती. पण न जाता घरी राहून, तिथं तिचं काय काय चाललं असेल याचा विचार करत बसणं मला जास्त जड गेलं असतं.

किन्हवली

फेब्रुवारीत आमच्या बार्शीकडे ज्वारीची कणसं भरलेली असतात आणि काळी जमीन नजर पोचेल तिथपर्यंत सपाट दिसते. इकडे भात कधीच घरात गेलेलं असतं. कापलेल्या शेतांत वालाचे वेल पसरलेले असतात आणि कुठंही मान वळवा, डोंगर आडवा येतो. बांधाच्या कडेनं राब भाजायचं काम चाललं होतं. पुढच्या भाताची रोपं जिथं टाकायची, त्या तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात. त्याचा धूर अंगावर घेत मी एस.टी. स्टँडवरून चालत घरी गेले. बार्शीला कुणाला सांगितलं की आमच्याकडे पेरण्याआधी जमीन भाजतात, तर लोक हसतात.

आईनं तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं केलं होतं. मला सुकट आवडते हे तिच्या लक्षात होतं, पण वाटीत जेमतेम दोन घास होती.

"सुनीला खारट चालत नाय ना," आई म्हणाली, "तिच्यासमोर जास्त नको म्हणून थोडीच केली."

मी दोन घासांत ती संपवली. तिशी ओलांडलेल्या, दोन मुलांच्या आईनं सुकटीवरून डोळ्यांत पाणी आणू नये. मी भाकरीत मान घालून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. डॉक्टर नीलिमा माझ्याच वयाच्या, आखूड केसांच्या, हळू बोलणाऱ्या बाई. बरोबर शिंदे नावाचे पन्नाशीचे तंत्रज्ञ, त्यांच्या मांडीवर बर्फाची पेटी. बाई उतरल्या त्या थेट सुनंदाकडे गेल्या. दोघींचं आधी चार-पाच वेळा दवाखान्यात बोलणं झालं होतं, त्या मैत्रिणींसारख्या बोलत होत्या. मग सुनंदानं माझी ओळख करून दिली. "अच्छा, म्हणजे या निरोगी बहीण," डॉक्टर म्हणाल्या आणि हातातल्या कागदावर खूण केली.

जीपमध्ये सुनंदा पुढे, मी मागे शिंद्यांजवळ. उन्हानं तिचे चट्टे वाढतात, म्हणून तिच्याकडे काळी छत्री होती आणि ती उतरली की डॉक्टर स्वतः ती उघडून देत. आम्ही आधी शेणव्याला आईच्या मामेबहिणीकडे गेलो. तिला गळ्याच्या गाठीचा आजार होता आणि तोही याच जातीचा, असं डॉक्टर म्हणाल्या. ओटीवर बघता बघता दहा-बारा बायका जमल्या. रक्त कशाला, असं एकीनं विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी सुनंदाकडे पाहिलं आणि सुनंदा बोलायला लागली.

"आपला राखणीचा कुत्रा हाय. चोराला चावतो, बरोबर? तोच घरच्यांना चावाय लागला तर? माझ्या अंगात तसं झालंय. आता तो असा बिघडला कशानं, ते आईबापाकडनं आलेल्या बियात हाय का, ते या बगतात. भाताचं बियाणं जसं कुठनं आणलं ते आपण बगतो, तसं."

बायकांना पटलं. मावशीनं हात पुढे केला. मी दहा वर्षं मुलांना शिकवतेय, इतकं सोपं करून मला सांगता आलं नसतं, हे मला तिथंच कळलं. मी तोंड भरून कौतुक करायला हवं होतं. मी म्हणाले, "घरातल्या कुत्र्यावरून बोलतेस, लोकांना राग येईल." कुणालाच राग आला नव्हता.

भातसानगर

आमच्या वडिलांच्या एका सोबत्यानं कॉलनीतल्या आपल्या क्वार्टरची एक खोली चार दिवसांसाठी दिली होती. तिथं टेबलावर शिंद्यांनी रक्त फिरवायचं छोटं यंत्र मांडलं. त्यात नळ्या गोल खोबणींत बसवतात आणि यंत्र गरगर फिरतं, मग रक्तातले जड आणि हलके भाग वेगळे होतात. समोरासमोरच्या नळ्या सारख्या वजनाच्या असाव्या लागतात, नाहीतर यंत्र थडथडतं. शिंद्यांनी सुनंदाची नळी एका बाजूला ठेवली आणि बरोबर समोर माझी. "बहिणी बहिणी, वजन जुळणारच," असं ते म्हणाले. यंत्र थांबल्यावर मी वाकून पाहिलं. दोन्ही नळ्यांत खाली लाल, वर पिवळसर पाणी. कुठली तिची आणि कुठली माझी, हे चिठ्ठीवरचा आकडा वाचल्याशिवाय कळत नव्हतं.

डॉक्टरांनी मला बरंच काही सांगितलं, ते खरं तर मी विचारलं म्हणून. जांभळ्या बुचाच्या नळ्यांमधलं रक्त मुंबईला जातं. तिथं त्यातल्या पांढऱ्या पेशी फोडून आतलं धाग्यासारखं द्रव्य वेगळं काढतात. त्या धाग्याच्या एका भागावर अवलंबून असतं, शरीर आपलं कुणाला म्हणणार आणि परकं कुणाला. तो भाग एक आईकडून आणि एक वडिलांकडून येतो. आजारी माणसांत तो विशिष्ट प्रकारचा आहे का, आणि त्याच घरातल्या निरोगी माणसांत वेगळा आहे का, हे ताडून पाहायचं. एकट्या त्यानं आजार होत नाही, आणखी बऱ्याच गोष्टी जुळून याव्या लागतात. त्यातल्या कितीतरी अजून माहीतच नाहीत. मी पुढचा प्रश्न विचारणार, तेवढ्यात सुनंदा आत आली आणि बाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

संध्याकाळी सुनंदा मला धरणाच्या बाजूला फिरायला घेऊन गेली. थोडं चाललं की ती थांबायची, गुडघा दाबायची. तिथं तिनं मला बातमी सांगितली. आमच्या घराण्याची सगळी माणसं तपासून झाली, म्हणजे मुरबाडकडची पार्वतीमावशी आणि तिची मुलगी माया यांचंही रक्त मिळालं, तर डॉक्टर सुनंदाला दोन वर्षं कामावर घेणार होत्या. गावोगावच्या घरी जाऊन लोकांशी बोलायचं काम. आयुष्यातली तिची पहिली नोकरी. आईला आदल्या आठवड्यातच कळलं होतं आणि आईनं शिरा केला होता.

माझी शाळेतल्या नोकरीची ऑर्डर आली होती तेव्हा शिरा झाला नव्हता. सुनंदा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "छान. झेपेल ना तुला?"

सरळगावच्या पुढे

किन्हवलीहून सरळगावला जाणारा रस्ता त्या दिवसांत पळसानं पेटलेला होता. सरळगाव ओलांडलं की मुरबाड तालुक्यातले डोंगर अगदी जवळ येतात. पार्वतीमावशीचं घर त्या डोंगरांच्या पायथ्याला. माझ्या आईची ही धाकटी बहीण. तिची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. तिची मुलगी माया बावीस वर्षांची, हसरी, भराभर बोलणारी. मावशीनं सुनंदाला आधीच निरोपात हो म्हणून कळवलं होतं.

मावशी मला चुलीपाशी घेऊन गेली. माया भाकऱ्या थापत होती. मी बार्शीत सासूच्या हाताखाली रोज भाकऱ्या थापते, त्यामुळे मला लगेच दिसलं की ती बोटं उचलून धरून नुसत्या तळव्यानं थापतेय. भाकरी उलटताना तिनं ओठ दाबले. तिची वेणी पेन्सिलीएवढी राहिली होती. हे मी पाहिलं, हे इथं लिहिणं भाग आहे. पाहूनही पुढचं मी बोलले.

मावशीनं मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं. "शकू, तू आपली म्हणून इचारते. मायाला मुरबाडचे पावणे बगून गेलेत, होकार येईल असं वाटतंय. या रगतानं काय वंगाळ तर नाय ना व्हणार?"

डॉक्टरांनी मला सगळं सांगितलं होतं. नळीवर नाव नसतं, आकडा असतो. गावात कुणाला काही कळत नाही. हे एक वाक्य मला सांगता आलं असतं. बाहेर ओटीवर सुनंदाचा आवाज येत होता, लोक हसत होते, तिची ती कुत्र्याची गोष्ट चालली होती.

मी म्हणाले, "मावशी, रक्तात निघालं तर ते खानदानाचंच निघतं. पाहुण्यांच्या कानावर जाणारच नाही, असं मी कसं सांगू?"

मावशी बाहेर गेली. सगळ्यांना चहा दिला, डॉक्टरांना हात जोडले आणि आमच्याकडे कोणी आजारी नाही, रक्त देणार नाही, असं शांतपणे सांगितलं. सुनंदा समजावत राहिली. मावशी पुन्हा पुन्हा तेच वाक्य बोलत होती. अर्ध्या तासानं शिंद्यांनी रिकाम्या नळ्या पेटीत परत ठेवल्या.

जीपमध्ये डॉक्टर म्हणाल्या की असं होतं, कुणावर जबरदस्ती नाही. पण ही फांदी नसेल तर या घराण्याचा अभ्यासाला फारसा उपयोग नाही, दुसरं बघावं लागेल. पुढच्या सीटवर सुनंदानं छत्री मिटून मांडीवर ठेवली. मला वाटलं होतं, तिचं तोंड थोडं उतरलेलं पाहून मला बरं वाटेल. पाच-सात मिनिटं वाटलंही.

घरी आल्यावर ती वाल सोलायला बसली आणि मला विचारलं, "मावशी परवा हो म्हणालेली. तू आत काय बोललीस?"

"काही नाही."

शेंगा सोलताना तिची बोटं थांबत थांबत चालत होती. मग ती म्हणाली, "मायाचे केस बगितलेस? माझे असेच गेलते. वरीसभर कोणाला कळलं नाय, तवर आतून किडनीला लागलं होतं. मला तिचं रगात नको गो. डॉक्टरबाईंनी तिला नुसतं बगितलं असतं, तरी झालं असतं."

मी नोकरीबद्दल, कौतुकाबद्दल, शिऱ्याबद्दल विचार करत होते. ती मायाच्या केसांबद्दल करत होती.

एकटीनं

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.नं मी सरळगावला गेले, पुढे एका टेम्पोत बसून मावशीच्या गावी. घरी मी दुकानात जाते म्हणून सांगितलं होतं. डॉक्टर दुपारी परत जाणार होत्या.

मावशी अंगणात लाकडं रचत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. रक्ताच्या नळीवर नाव नसतं. मायाला बहुतेक सुनंदाचाच आजार सुरू झालाय आणि तिला आजच दाखवायला हवं. मावशीनं विचारलं, मग काल तसं कशाला बोललीस?

"सुनंदावर जळून बोलले," मी म्हणाले.

मावशीनं हातातलं लाकूड खाली ठेवलं. "आजारी पोरीवर जळतेस तू?"

"हो."

हे मी आयुष्यात आधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही. मावशीच्या नजरेसमोर उभं राहवत नव्हतं. माया दारात येऊन ऐकत होती. तिनं पिठाचे हात पुसले आणि म्हणाली, "आई, मला सकाळची मूठ मिटत नाय. दोन महिनं झाले. मी जाते हिच्यासंगं."

मावशी मला म्हणाली, "लगीन मोडलं तर तू करून देशील का तिचं?"

माया कपडे बदलून आली, आणि मावशीही चपला घालून निघाली. पण टेम्पोत ती माझ्याकडे पाठ करून बसली.

भातसानगरच्या खोलीत डॉक्टरांनी मायाला तासभर तपासलं. तिला आठवड्याभरात मुंबईच्या दवाखान्यात बोलावलं. मायलेकींचं रक्त जांभळ्या बुचांच्या नळ्यांत गेलं. सुनंदा मायाच्या शेजारी बसून गोळ्या कशा घ्यायच्या, ऊन कसं टाळायचं ते सांगत होती. माझ्याकडे तिनं एकदाच पाहिलं. मावशीनं तिला सगळं सांगितलं असणार. तिनं माझ्यासाठी चहाचा कप भरून माझ्या बाजूला ठेवला आणि पुन्हा मायाकडे वळली.

दोन वर्षांनी

मायाचं ते लग्न त्याच उन्हाळ्यात मोडलं. बातमी कशी फुटली, कळलं नाही. माझ्याकडून नाही, एवढं मी सांगू शकते. मावशीनं माझ्याशी बोलणं टाकलं. मायाचा आजार मात्र किडनीला लागण्याआधी हातात सापडला. ती मुरबाडला एका फोन बूथवर कामाला लागली होती आणि तिची वेणी पुन्हा जाड होत होती.

मी दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन माहेरी गेले, तेव्हा गावात भाताची झोडणी चालू होती. अंगणं पेंढ्यानं भरली होती. डॉक्टर आणि शिंदे फेरीवर आले होते आणि सुनंदा आता त्यांच्याबरोबर पगारी कामावर होती. तिच्या खांद्याला कागदांची पिशवी होती. आमच्या ओटीवर चहा चालला असताना मी डॉक्टरांना विचारलं, आमच्या रक्तात काय निघालं?

तुम्ही विचारताय, पण दोघींची हरकत नसेल तरच सांगते, असं त्या म्हणाल्या. सुनंदानं मान हलवली, मीही. मग त्यांनी सांगितलं की शोधाचं काम अजून बरीच वर्षं चालेल आणि यातून आज काही ठरवता येत नाही. पण आपलं-परकं ओळखणारा तो जो भाग आहे, तो आम्हा दोघींमध्ये तंतोतंत एकच आहे. आईकडचा तोच आणि वडिलांकडचाही तोच. भावंडांत असं चारांत एकदा होतं. तोच भाग असूनही मी निरोगी होते, म्हणून आता त्यांना माझ्या रक्ताची तिच्याइतकीच गरज होती.

मला आधी आनंद झाला, तोही लिहून ठेवते. बीज दोघींना सारखंच मिळालं होतं, वाटणीत तिला काही जास्त दिलेलं नव्हतं. मग ओटीखाली पेंढ्यात खेळणारी माझी मुलगी दिसली. त्या बीजातलं अर्धं तिच्याकडेही गेलं असणार.

"मग मला का नाही झालं?" मी विचारलं.

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तेच शोधतोय."

सुनंदा कागद पिशवीत भरत होती. ती वर न बघता म्हणाली, "मला का झालं, ते मी इतकी वर्सं इचारतेय, ताई. तुला का नाय झालं, ते तू आज इचारलंस."

ती रागानं बोलली नव्हती. शिंद्यांनी पेटी उघडली. माझं आणखी एकदा रक्त हवं होतं. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली. मागच्या खेपेला मी सुईकडे टक लावून पाहिलं होतं. या वेळी मी तोंड फिरवलं, आणि सुनंदाला ते दिसलं. ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला सुयांचे जुने काळे ठिपके एकावर एक होते, इतक्या जवळून मी ते कधी पाहिले नव्हते.

"व्हते सवय," ती म्हणाली.